मीटरचा काटा थरथरतोय? आधी केबल बघा

मारुती ८०० किंवा पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर चालतो. मालवण, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हीच केबल आधी गंजते.

काटा मेला पण किलोमीटरचे आकडे फिरतात, तर दोष मीटरमध्ये. तो मीटरवाल्याकडेच द्या. दोन्ही बंद असतील तर मीटरमागून केबल सोडवा, इंजिन बंद ठेवून गिअर न्यूट्रलला टाका आणि कुणालातरी गाडी ढकलायला सांगा. आतली तार फिरली तर मीटर तपासा. नाही फिरली तर तार तुटली आहे किंवा गिअरबॉक्समधलं प्लॅस्टिकचं छोटं गिअर झिजलं आहे.

काटा नुसता थरथरत असेल तर तार बहुधा कोरडी पडलेली असते. ती बाहेर ओढा, रॉकेलने पुसा आणि बोटांमधून हळूहळू फिरवा. एखादा धागा टोचला किंवा चौकोनी टोक गोल झालेलं दिसलं, तर नवीनच टाका. सांधलेली केबल टिकत नाही. ग्रीस पातळ थरात लावा, पण मीटरकडची सहा इंच कोरडी सोडा. हे विसरू नका, कारण फिरणारी तार ग्रीस वर चढवते आणि ते मीटरमध्ये शिरलं की काटा अडकतो. बसवताना केबलला कुठेही तीव्र वळण नको, फायरवॉलमधला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातला) रबरही नीट बसवा, नाहीतर पाणी आत येतं.

शेवटी महामार्गाच्या सरळ पट्ट्यात काटा ६० वर ठेवा. शेजारी बसलेल्याने लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ मोजावा: मीटर अचूक असेल तर बरोबर ६० सेकंद.