स्पेनमधील उपाहारगृहात स्पॅनिशमधून जेवण कसे मागवावे?

टेबलाशी बसताच वेटर विचारतो, ‘के वान आ तोमार?’ ‘तोमार’ म्हणजे घेणे. त्यामुळे हा प्रश्न आपल्या ‘काय घेणार?’ या प्रश्नाचाच जुळा भाऊ आहे. स्पॅनिश शिकताना इंग्रजीचा आधार घेण्यापेक्षा मराठीचा घेतला, तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

प्रथम ‘हवे असणे’ या अर्थाचे ‘केरेर’ हे क्रियापद पाठ करावे. ‘किएरो’ म्हणजे ‘मला हवे’, ‘किएरे’ म्हणजे ‘आपल्याला हवे’. परंतु ‘आम्हाला हवे’ म्हणताना मधला ‘इए’ जाऊन ‘केरेमोस’ असे रूप होते. कर्ता क्रियापदाच्या शेवटावरूनच कळत असल्याने ‘मी’ या अर्थाचा ‘यो’ उच्चारण्याची गरज नसते. नुसते ‘किएरो’ थोडे रोखठोक वाटते, म्हणून ‘किसिएरा’ हे मवाळ रूप वापरावे. माझ्या मते त्याहूनही सहज म्हणजे ‘मे पोने उन काफे, पोर फावोर?’, म्हणजे ‘कृपया मला एक कॉफी देता का?’, असे विचारणे. साध्या वर्तमानकाळातील प्रश्नाने विनंती करण्याची ही रीत ‘जरा पाणी देता का?’ म्हणणाऱ्याला शिकवावी लागत नाही.

दुपारी, साधारण दोननंतर, ‘मेनू देल दिआ’ म्हणजे ठरावीक किमतीचे त्या दिवसाचे जेवण मागवावे. त्यात ‘दे प्रिमेरो’ म्हणून पहिला पदार्थ, ‘दे सेगुन्दो’ म्हणून दुसरा आणि ‘दे पोस्त्रे’ म्हणून गोड पदार्थ सांगायचा असतो. स्वतंत्र पदार्थ निवडायचे असल्यास ‘ला कार्ता’, म्हणजे पदार्थांची यादी, मागावी.

आवड सांगताना तर मराठी माणसाची चंगळच आहे. ‘मे गुस्ता एल अर्रोथ’ म्हणजे मला भात आवडतो आणि ‘मे गुस्तान लास पातातास’ म्हणजे मला बटाटे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्याप्रमाणे नव्हे, तर आवडत्या वस्तूप्रमाणे बदलते. मात्र तेथे ‘बाताता’ मागितल्यास रताळे मिळेल. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आला, तसाच पावही; स्पॅनिशमध्ये त्याला ‘पान’ म्हणतात. ‘तोर्तिया’ हीदेखील स्पेनमध्ये मेक्सिकोसारखी मक्याची पोळी नसून अंडी आणि बटाट्यांचे जाड ऑम्लेट असते.

शाकाहारी व्यक्तीने ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढ्यावर थांबू नये, कारण सॅलडमध्ये ट्यूना किंवा भाजीत हॅमचे तुकडे येऊ शकतात. ‘नो कोमो कार्ने, नि हामोन, नि पेस्कादो’ असे मांस, हॅम आणि मासे यांचे नाव घेऊनच सांगावे. पुरुषाने ‘सोय वेहेतारियानो’ आणि स्त्रीने ‘सोय वेहेतारियाना’ म्हणावे.

पाणी विकत घ्यायचे नसल्यास ‘आग्वा देल ग्रिफो’, म्हणजे नळाचे पाणी, मागावे; 2022 च्या कायद्यानुसार स्पेनमधील उपाहारगृहांनी ते विनामूल्य देणे बंधनकारक आहे. बिल मात्र सहसा आपणहून आणले जात नाही; ‘नोस त्राए ला क्वेन्ता?’, म्हणजे ‘आम्हाला बिल आणून देता का?’, असे विचारल्यावरच ते टेबलावर येते.