कव्हर शिवायच्या आधी माणूस बसवून पाहा

आजा विहिरीच्या मोटा शिवायचा, बाप बैलांच्या वाद्या आणि घुंगरांचे पट्टे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात चपला शिवतो, आणि अधूनमधून परवानावाल्यांच्या रिव्हॉल्व्हरसाठी कव्हर. होल्स्टर म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचितच येतं.

पहिलं कव्हर एका कापूस व्यापाऱ्याचं. सिनेमात असतं तसं शिवलं: सरळ, लांब, मांडीपर्यंत लोंबणारं. आठ दिवसांत तो परत आला. "भाऊ, फटफटीवर बसलो का मूठ बरगडीत घुसते, अन् जेवाले बसलो का नळी जमिनीले टेकते. उभं राहूनच जगू का आता?" चूक माझीच होती. मी हत्याराचं माप घेतलं होतं, माणसाचं नाही.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला आधी तीन ठिकाणी बसवतो: खुर्चीवर, दुकानासमोरच्या गाडीवर आणि चटईवर मांडी घालून. बसल्यावर कमरेचं हाड कुठं येतं, कोपर कुठं जातं, तिथं खडूनं खूण करतो. उजव्या हाताच्या माणसाला बहुतेक वेळा हाडाच्या थोडं मागं जमतं. कव्हर पंधराएक अंश कलतं ठेवायचं, मूठ पुढं आणि नळी मागं. मग मूठ सदऱ्याला मागून टोचत नाही आणि वाकलं तरी हात पोचतो. दिवसभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला मात्र डाव्या बाजूला, पोटाकडे, मूठ उजव्या हाताकडे करून देतो. पाठीच्या मणक्यावर कोणी मागितलं तर नाही म्हणतो. गाडीवरून पडला तर लोखंड थेट मणक्यात.

उंचीचंही तसंच. फार खाली लावलं तर बसताना अडतं. फार वर लावलं तर मुठीच्या वजनानं कव्हर बाहेर कलंडतं. मुठीवर चारही बोटं नीट बसतील एवढीच ती पट्ट्याच्या वर हवी. आणि पट्टा! कानपूरची .32 रिव्हॉल्व्हर सुमारे 700 ग्रॅमची. बाजारातल्या रेक्झिनच्या पट्ट्यावर ती लोंबणारच. मी चामड्याचे दोन थर शिवून दीड इंची पट्टा करतो आणि कव्हरच्या खाचा नेमक्या तेवढ्याच कापतो. खाच एक कव्हरच्या पुढं, एक मागं. पट्टा आवळला की कव्हर अंगाला चिकटतं. धोतर-बंडीवाल्यालाही हा पट्टा वेगळा बांधावाच लागतो, नाडीवर काही टिकत नाही.

रिव्हॉल्व्हर मी दुकानात ठेवून घेत नाही. परवाना त्याचा, माझा नाही. मालकानं गोळ्या काढून, चकरी, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, उघडून दाखवायची, कागदावर ठेवून बाह्यरेषा काढायची, जाडी मोजू द्यायची आणि घेऊन जायचं. त्यावरून सुताराच्या सागाच्या तुकड्यातून लाकडी नमुना कोरतो. चकरीचा फुगवटा आणि चापाभोवतीची कडी, एवढं बरोबर उतरलं की बाकी थोडं कमीजास्त चालतं.

चामडं म्हशीचं, झाडाच्या सालीवर कमावलेलं, तीन ते साडेतीन मिलिमीटर. बाभळीची साल आणि हिरडा आमच्याकडे जुनेच, वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयातही गांधीजींच्या काळात मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावत. क्रोमच्या रसायनानं कमावलेलं मऊ चामडं स्वस्त पडतं, पण ते ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही.

शिवण काठापासून पाच मिलिमीटर आत, आधी रेघ खोदून, म्हणजे दोरा घासत नाही. मेण लावलेला नायलॉन दोरा, दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर. यंत्राची शिवण एका ठिकाणी तुटली की पुढं उसवत जाते, ही जात नाही. चापाच्या कडीजवळ दोन थरांच्या मध्ये चामड्याची पट्टी घाला, नाहीतर सगळा ताण तिथल्या टाक्यांवर येतो.

मग कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायचं. नमुन्याला पन्नी गुंडाळायची, सागाचा डाग चामड्याला लागतो. नमुना आत घालून अंगठ्यानं आणि गुळगुळीत हाडानं दाबत जायचं. सावलीत एक दिवस. आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या उन्हात ओलं चामडं ठेवलं तर आक्रसून लाकडासारखं होतं. एकदा घाईत टिनावर ठेवलं होतं, त्याच्यात आता आऱ्या ठेवतो. काठ रापीनं तासून चिंचोक्याची खळ लावून घासा. वरून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात. तेल पाजू नका, कव्हर ढिलं होतं.

तोंडाला दुहेरी पट्टी हवीच. रिव्हॉल्व्हर बाहेर काढली तरी तोंड उघडं राहिलं पाहिजे. जुन्या मऊ कव्हरचं तोंड आत वळतं आणि ठेवताना ती घडी चापात अडकू शकते. चाप पूर्ण झाकलेला, बाहेरून बोट शिरणार नाही असा. अंगाकडच्या बाजूला चामडं घोड्याच्या, म्हणजे मागच्या हातोडीच्या, वरपर्यंत चढवा. घाम लोखंडाला लागत नाही आणि घोडा पोटाला टोचत नाही. आतून मखमल मागणारे भेटतात. मखमलीत कापसाची धूळ आणि ओल धरून बसते.

वरून झाकण आणि टिचबटण. तरुण पोरं उघडंच मागतात, तेव्हा 2016 चे शस्त्र नियम सांगतो. सार्वजनिक जागी हत्यार कव्हरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. बटणाची धातूची पाठ चामड्याच्या तुकड्यानं झाका, नाहीतर रिव्हॉल्व्हरवर ओरखडे उठतात.

शेवटी मालकाला रिकामी रिव्हॉल्व्हर घेऊन बोलवायचं. बटण न लावता, चटईच्या वर कव्हर उलटं धरायचं. पडली नाही पाहिजे. मग पुन्हा तीन ठिकाणी बसवायचं, तोच खडू घेऊन. पावसाळ्यात रात्री कव्हरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं, गंज चढतो. गोळ्याही चामड्याच्या पट्टीत तशाच राहिल्या तर पितळेवर हिरवा थर येतो. आणि दिवाळीनंतर एकदा दाखवायला आणा. चापाजवळचे टाके मी फुकट पाहून देतो, नवा दोरा लागला तर त्याचेच पैसे.