लमार व्हॅलीत पहाटे पोचायचं तर

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कात लांडगे आणि अस्वलं बघायला निघालेला आमच्याकडचा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, कॅमेऱ्याला लेन्स कुठली घेऊ? लेन्सचं नंतर बघू. आधी तिवईसकट स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण, भाड्याने ठरवा, २० ते ६० पट मोठं दाखवणारा. पार्कातल्या लमार व्हॅलीत लांडगा दिसतो तो बहुतेक वेळा एक-दोन किलोमीटरवर, समोरच्या उतारावर, आणि साध्या दुर्बिणीत तो हलणारा ठिपका असतो. तरी ८ बाय ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण गळ्यात हवीच, कारण शोधायचं तिने आणि ओळखायचं स्कोपने.

तारखा हातात असतील तर मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध धरा. एल्क हरणांची पिल्लं तेव्हाच जन्मतात आणि ती हुंगत अस्वलं उघड्यावर फिरतात. हिवाळ्यात अस्वलं झोपलेली, पण बर्फावर लांडगे छान उठून दिसतात. गार्डिनर ते कुक सिटी या दोन गावांमधला हा एकच रस्ता पार्कात गाड्यांसाठी बारा महिने उघडा असतो आणि तो लमारमधूनच जातो. जून म्हणून टी-शर्टवर येऊ नका. दोन हजार मीटर उंचीवर पहाटे हात गोठतात, आणि गोठलेल्या हातांनी स्कोपचा फोकस फिरवता येत नाही. कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट, थर्मासमध्ये चहा.

ओळखीचा अभ्यास मात्र घरूनच करून या. पहिला घोटाळा कायोटीचा, म्हणजे लांडग्याच्या छोट्या भाऊबंदाचा. लांबून कायोटी दिसला की आमच्या गाडीत हमखास ‘लांडगा, लांडगा!’ सुरू होतं. कायोटी १२-१५ किलोचा, निमुळत्या तोंडाचा, मोठ्या कानांचा, आपल्या कोल्ह्याच्या वळणाचा. इथला लांडगा ४०-५० किलोचा, लांब तंगड्यांचा, रुंद थोबाडाचा. आपल्या माळरानावरचा लांडगा वीस किलोच्या आसपास असतो, तेव्हा तो डोळ्यांसमोर ठेवून आलात तर फसाल. शिवाय इथले निम्म्याच्या आसपास लांडगे काळे असतात.

काळ्यावरून आठवलं, अस्वल रंगावरून ओळखायला जाऊ नका. ‘ब्लॅक बेअर’ नावाचं अस्वल खुशाल तपकिरी असतं, दालचिनीच्या रंगाचंही असतं. खांदा बघा. इथल्या दुसऱ्या जातीच्या, म्हणजे ग्रिझली अस्वलाच्या खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असतो, ब्लॅक बेअरच्या नसतो आणि त्याचा पार्श्वभाग खांद्यापेक्षा उंच वाटतो. ग्रिझलीचा चेहरा बाजूने बघितला तर मधे खोलगट, कान आखूड नि गोल. ब्लॅक बेअरचं नाक सरळ उतरतं, कान उभे. आणि अर्धा तास न हललेलं अस्वल हा दगड असतो. मी चाळीस मिनिटं एका दगडाची पिल्लं मोजत होतो.

ठशांसाठी खिशात सहा इंची पट्टी ठेवा. ओढ्याकाठच्या चिखलात अस्वलाच्या पुढच्या पायाचा ठसा मिळाला, तर सगळ्यात मोठ्या, म्हणजे बाहेरच्या बोटाच्या बुडापासून तळव्याच्या वरच्या कडेला टेकवून पट्टी आडवी ठेवा. आतलं सगळ्यात लहान बोट बरंचसं पट्टीच्या वर राहिलं तर ग्रिझली, खाली गेलं तर ब्लॅक बेअर. ग्रिझलीच्या नखांच्या खुणाही बोटांपासून चांगल्या पुढे उमटतात. लांडग्याचा ठसा १०-१२ सेंटीमीटर लांब, कायोटीचा ६-७. कुत्र्याचा तर नसेल, ही शंका पायवाटेवर फारशी आणायला नको, कारण तिथे पाळीव कुत्र्यांना बंदी आहे. आणि ठशापेक्षा लवकर पत्ता देतात ते डोमकावळे. एका जागी घिरट्या घालत असले की खाली शिकार पडलेली असते. स्कोप तिकडे वळवा आणि तासभर हलू नका.

अनेक लांडग्यांच्या गळ्यात त्यांचा माग ठेवणारे रेडिओ-पट्टे आहेत. १९२६मध्ये पार्कातला शेवटचा लांडगा मारला गेला, मग १९९५ आणि १९९६मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले. तेव्हापासून पट्टेवाल्या लांडग्यांना दिलेल्या क्रमांकांची मालिका अजून चालू आहे, नराला आकड्यापुढे ‘एम’, मादीला ‘एफ’. रस्त्याकडेला रोज उभे राहणारे जुने लोक याच नंबरांवर बोलतात. नमस्कार करून ‘आज काय दिसलं?’ विचारलंत तर बहुतेक जण आपल्या स्कोपमधून बघू देतात. पण पट्ट्यांचे सिग्नल पकडणारं यंत्र आपण वापरणं बेकायदा, लांडग्यासारखं ओरडून बोलावणंही. ड्रोन घरीच ठेवा. लांडगा आणि अस्वलापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, हे अंतर तुम्ही राखायचं. तोच जवळ आला तर मागे तुम्ही सरकायचं.

पायवाटेवर उतरणार असाल तर बेअर स्प्रे हवा. तो विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, इथे येऊन घ्या. कमरेच्या पट्ट्याला अडकवा, सॅकमध्ये नाही, आणि सेफ्टी क्लिप काढायचा सराव करा. तो अंगाला फासायचा नसतो, ओडोमॉस नव्हे. तिखट आहे ते, समोरून धावून येणाऱ्या अस्वलासाठी. तीन-चार जण मिळून चाला, वळणावर मोठ्याने बोला. मराठी माणसांना हे सांगावं लागत नाही. अस्वल दिसलं तर पळू नका.

आदल्या संध्याकाळी गार्डिनरमध्ये टाकी भरा, नकाशे फोनवर उतरवून घ्या, लमारमध्ये रेंजची आशा नको. थालीपीठं आणि लोणचं गाडीत, काचा बंद. गाडी उभी करताना चारही चाकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर. जूनमध्ये साडेपाचनंतर लगेच सूर्य उगवतो, म्हणजे गार्डिनरहून साडेचारला निघायचं. आणि स्कोप रात्री खोलीत आणू नका, डिकीतच थंड राहू द्या. ऊबदार खोलीतून थंडीत काढलेल्या स्कोपमध्ये सुरुवातीला सगळं थरथरतं, आणि नेमकी तीच पहिली वीस मिनिटं कामाची असतात.