टीनएजरच्या चेहऱ्यावर रॅश आणि सांधेदुखी, तपासताना काय काय बघायचं

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गालांवर लाली आणि बोटं दुखतायत म्हणून आली की लगेच एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) लिहून मोकळं होऊ नका, कारण ती टेस्ट धडधाकट मुलांमध्येही पॉझिटिव्ह येते आणि मग घरच्यांची झोप उडते. आधी तिला उजेडात बसवून चेहरा नीट बघा. दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लाल, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी मात्र स्वच्छ सुटलीय, तर ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) डोक्यात ठेवा. घडीच लाल आणि वर खपल्या असतील तर बहुतेक सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्यासारखा त्वचेचा त्रास. पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या पेरांवर खवले आणि खाली बसलं की उठवत नाही, हे डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे त्वचा आणि स्नायूंना सूज आणणारा आजार. चेहऱ्याला कुठलं स्टिरॉइड क्रीम लावलंय का हे विचाराच, त्याने रॅशचं रूपच बदलतं.

सांधे हाताने दाबून बघा, नुसतं दुखतंय की खरंच सूज आहे, सकाळी बोटं आखडतात का आणि किती वेळ. सगळं एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरलं तर पार्वोसारखा व्हायरस असू शकतो. मग उन्हात गेल्यावर लाली वाढते का, केस गळतात का, खोल श्वास घेताना छातीत कळ येते का? टॉर्च मारून तोंडातला टाळू बघा, ल्युपसचे फोड बऱ्याचदा दुखत नाहीत त्यामुळे मुलं स्वतःहून सांगतच नाहीत. पिंपल्ससाठी मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर त्यानेही ल्युपससारखा त्रास होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं: बीपी आणि लघवी. किडनीला सूज आली तरी दुखत काहीच नाही, मुलगी हसत-खेळत असते आणि लघवीतून प्रोटीन जात असतं. म्हणून पहिल्याच दिवशी लघवीची तपासणी, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही शरीरातली सूज दाखवतात), क्रिएटिनिन (किडनीचं काम) करून घ्या. ईएसआर खूप वाढलेला आणि सीआरपी जवळपास नॉर्मल, हे ल्युपसमध्ये बऱ्याचदा दिसतं. एवढं चित्र जुळत असेल तर एएनए, मग डीएसडीएनए (ल्युपसची जास्त नेमकी अँटीबॉडी), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीतली प्रोटीन्स, ल्युपसमध्ये कमी होऊ शकतात). ल्युपसच्या 2019 च्या निकषांत एएनए किमान 1:80 आणि पुढे लक्षणं-तपासण्यांचे मिळून किमान 10 गुण लागतात, पण ते मुळात रिसर्चसाठी आहेत, 8 गुण झाले म्हणून पेशंटला घरी पाठवू नका.

सीबीसीत पेशी कमी आणि रात्री हाडं ठणकतात म्हणून झोप मोडत असेल तर ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) नाही हे ठरेपर्यंत स्टिरॉइड देऊ नका, निदान झाकलं जातं. लघवीत प्रोटीन किंवा रक्त, वाढलेलं बीपी, फिट, धाप, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट नको, त्याच दिवशी मुलांच्या रुमॅटॉलॉजिस्टला (सांधे आणि अशा आजारांचे तज्ज्ञ), नसेल तर मोठ्या हॉस्पिटलला फोन करा.