कानातला मळ: काडी नको, थेंब घाला
कानाला दडे बसले की हात आधी पिनेकडे नाहीतर काडेपेटीकडे जातो. इअरबडही त्याच माळेतला मणी. थोडा मळ निघतो, बाकीचा पडद्याकडे ढकलला जातो. त्यापेक्षा मळ मऊ करणारे थेंब मेडिकलमधून आणा, साधं ऑलिव्ह तेलही चालतं. कुशीवर झोपून वरच्या कानात 2-3 थेंब सोडा, पाच मिनिटं तसंच पडून राहा, मग बाहेर येईल तेवढंच टिपा. दिवसातून दोनदा, 3 ते 5 दिवस. सुरुवातीला दडे वाढल्यासारखे वाटतील, कारण मळ फुगतो. लसूण तळलेलं गरम तेल मात्र नकोच, आजीने कितीही आग्रह केला तरी. आतली नाजूक कातडी भाजते. कान दुखत किंवा वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर काहीही न घालता थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.