मागील दारच्या बादलीत सोल्जर फ्लाय

खताच्या डब्यात चपट्या, मळकट पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या की पुष्कळ जण मीठ टाकतात, फिनेल ओततात. कृपा करून ओतू नका. अळीचं अंग टणक असेल, त्यावर कडी-कडी दिसत असतील आणि पुढे बारीकसं गडद डोकं असेल, तर ती घरमाशीची नाही. ती ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी आहे आणि तुमच्या ओल्या कचऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन ती खाऊन संपवते.

आमच्याकडे चिपळूणला मे महिन्यात फणसाची चारखंडं (गरे काढल्यावर उरलेला सालीसकटचा भाग) आणि वर्षभर मासळीची डोकी-खवले निघतात. गांडुळांना असला ओला, तापणारा कचरा सोसत नाही. या अळ्यांना तोच आवडतो.

माशी किंवा अंडी विकत आणायची गरज नाही. ती मूळची अमेरिका खंडातली, पण आता आपल्याकडेही सगळीकडे आहे. लांबट, काळी, दिसायला गांधिलमाशीसारखी, पण नांगी नाही. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या आणि पायांची टोकं पांढरी. मोठी झाल्यावर ती अन्न खात नाही, त्यामुळे ताटावर येऊन बसत नाही. जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांच्या आयुष्यात ती जोडीदार शोधते आणि अंडी घालते, एवढंच.

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घ्या. तळाला भोकं पाडा, खाली रस गोळा करायला परात ठेवा. आत नारळाच्या सोडणांचे (वरच्या काथ्याच्या सालीचे) तुकडे आणि त्यावर भाताच्या तुसाचा थर द्या. झाकण थोडं उघडं राहू द्या, म्हणजे माशी आत येईल. बादली पडवीत, सावलीत, पागोळ्यांपासून दूर हवी. मुंग्या अंडी नि कोवळ्या अळ्या पळवतात, म्हणून बादलीखाली विटा आणि त्या विटा पाण्याच्या थाळ्यांत.

आता माशीला बोलावायचं. मूठ-दोन मुठी कोंडा पाण्यात भिजवून तीन-चार दिवस आंबवा आणि बादलीत टाका. वास तिला ओढून आणतो. पण ती कचऱ्यावर अंडी घालत नाही, कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत घालते. खोक्याचा नळ्या-नळ्यांचा पुठ्ठा दोन बोटं रुंद कापून चार तुकडे एकावर एक बांधा आणि झाकणाखाली टांगा, कचऱ्याला टेकू देऊ नका. काही दिवसांनी त्या नळ्यांत डोकावून पाहा. साईच्या रंगाचा, खसखशीहूनही बारीक अंड्यांचा पुंजका दिसेल. एका मादीची सुमारे 500 अंडी. चारेक दिवसांत ती फुटतात आणि पिल्लं आपोआप खाली पडतात.

खायला घालताना हात आवरा. सगळं बारीक चिरून दोन-तीन इंचांचाच थर द्यायचा, आणि तो संपल्याशिवाय पुढचा नाही. जास्त घातलंत की ढीग तापतो, कुजट वास सुटतो आणि अळ्या बाहेर पळू लागतात. मासळीवर लगेच तूस पसरा. हाडं, अंड्याची टरफलं, लिंबाच्या सालींचा ढीग नको. चारखंडाचं मऊ मांस त्या फस्त करतात, काटेरी साल तशीच उरते.

खरी कसोटी पावसाळ्यात. मूठभर मिश्रण दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागता कामा नये. धार लागली तर तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळा. बादलीची आतली बाजू रोज कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या भिंतीवर या अळ्या सरळ उभ्या चढतात, कोरडीवर त्यांना जमत नाही.

दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढलेली अळी काळपट होते, खाणं थांबवते आणि कोरडी जागा शोधत निघते. तिला वाट करून द्या. आतून काठापर्यंत साधारण 35-40 अंशांत तिरकी फळी आणि फळीच्या टोकाखाली कोरडं तूस भरलेला डबा. रात्री अळ्या आपणहून सरपटत येऊन त्यात पडतात, आपल्याला हातही लावावा लागत नाही. गावठी कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडतात. प्रथिनं भरपूर, पण चरबीही बरीच, म्हणून तांदळाच्या कण्यांबरोबर मूठभरच द्या. चौथा हिस्सा मात्र डब्यात राखून ठेवा. त्यांचे कोष होतात आणि उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत माशा निघतात. जोडी जमायला त्यांना ऊन लागतं, तेव्हा हा डबा उन्हातल्या झुडपांजवळच्या सावलीत ठेवा. घाटावर डिसेंबर-जानेवारीत अळ्या मंदावतात. तेव्हा खाणंही कमी करा.

तळाशी उरलेला काळा भुगा लगेच झाडांना घालू नका, तो अजून कच्चा असतो. मातीत कालवून महिनाभर झाकून ठेवा, किंवा थोडा थोडा गांडुळांना द्या. मग दहा घमेली मातीला एक घमेलं, या हिशेबाने दोडका-पडवळाच्या वाफ्यात मिसळा. परातीतला रस दहापट पाणी घालून नारळाच्या बुंध्याशी ओता, पालेभाजीवर नको.