आश्वासनाचा हिशेब मांडायचा कसा: नागपूरच्या मतदारासाठी

निवडणूक झाली की पानठेल्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत एकच सूर लागतो: सगळे पक्ष सारखेच, बोलले काय आणि केलं काय. राग रास्त आहे. पण रागाला नेता उत्तर देत नाही; आकड्यांना आणि शिक्का मारलेल्या कागदाला मात्र त्याला टाळता येत नाही. तो कागद तयार करायला एक वही, मोबाइल आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.

आधी आश्वासन जसंच्या तसं उतरवून घ्या. जाहीरनाम्याची पीडीएफ प्रचार सुरू असतानाच उतरवून ठेवा. नंतर ती सापडेलच असं नाही. भाषणातलं वाक्य असेल तर तारीख, सभेचं ठिकाण आणि व्हिडिओची लिंक लिहा. मग त्यातल्या ‘पात्र’, ‘सरसकट’, ‘टप्प्याटप्प्याने’, ‘थकीत’ या शब्दांखाली रेघ मारा. फसगत तिथेच होते. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. माफी दोन लाखांपर्यंत, पण ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेल्या खात्यांनाच. थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेलं खातं अपात्र. म्हणजे दोन लाख दहा हजार थकलेल्याला त्या योजनेतून काहीच मिळालं नाही, आणि नियमित हप्ते भरणाराही माफीच्या बाहेरच राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंच्या आंदोलनाने वर्धा रोड अडला, तेव्हा सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ असं सांगितलं. हेही वहीत शब्दशः लिहा. निर्णयाची तारीख म्हणजे पैसे खात्यात पडण्याची तारीख नव्हे.

आता गुणाकार. रक्कम × लोक × १२ महिने, एवढंच. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० म्हणजे वर्षाला बाईमागे १८,००० रुपये. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात महायुतीने २,१०० चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीने ३,००० चं. २,१०० चे वर्षाला २५,२०० होतात, ३,००० चे ३६,०००. लाभार्थी २ कोटी ४० लाख धरले तर पहिल्या दराने ४३,२०० कोटी, दुसऱ्याने ६०,४८० कोटी, तिसऱ्याने ८६,४०० कोटी. हा हिशेब प्रत्येक पक्षाला लावा. आवडत्या पक्षाला सूट दिली की सगळी मेहनत वाया जाते.

गुणाकार झाला की अर्थसंकल्पाकडे वळा. २०२५-२६ साठी या योजनेची तरतूद होती ३६,००० कोटी. तिला उलटं भागून बघा: १८,००० ने भागलं की बरोबर २ कोटी महिला येतात, २५,२०० ने भागलं की जेमतेम १ कोटी ४३ लाख. म्हणजे २,१०० रुपये त्या वर्षी मिळणार नाहीत आणि यादीलाही कात्री लागू शकते, हे मार्चमध्येच कागदावर दिसत होतं. पुढे छाननीत नावं वगळली गेली, सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. ज्या बायकांनी त्या पैशांवर घरखर्च बसवला होता, त्यांना हे आधी सांगणं हे नेत्यांचं काम होतं. कुणी सांगितलं नाही. म्हणून भागाकार आपणच करायला शिकायचं.

तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतही फरक असतो. राज्याच्या ‘बीम्स’ पोर्टलवर खातेनिहाय मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम बघता येते. मिळवणी करताना ‘वितरित’चा रकाना ‘खर्च’ समजू नका. ही चूक फार होते. दुसरी जागा म्हणजे आपलं हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात डिसेंबरमध्ये पुरवणी मागण्या मांडल्या जातात. मार्चमध्ये कमी धरलेला किंवा धरलेलाच नसलेला खर्च तिथे बाहेर येतो. मागण्यांच्या पुस्तिकेत योजनेचं नाव आणि रक्कम शोधा, आणि पैसा कुठल्या खात्यातून वळवला तेही बघा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच्या खात्याचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. एका आश्वासनाची किंमत दुसऱ्याच कुणाच्या वसतिगृहाने किंवा शिष्यवृत्तीने मोजू नये, म्हणून हा रकाना महत्त्वाचा.

आश्वासन मोडलं म्हणून कोर्टात जाण्याचा विचार असेल तर थांबा. जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट मार्ग ठरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ च्या निकालात सांगितलं. मात्र त्याच निकालामुळे आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग आला: आश्वासनामागचं कारण आणि पैसा उभा करण्याचा मार्ग पक्षाने ढोबळमानाने सांगावा. तेव्हा उमेदवार दारात आला की ‘किती खर्च, कुठून आणणार’ हे लेखी मागा. मतदानाआधीच. नंतर तो दारात येत नाही.

प्रचारावरच्या उधळपट्टीचा राग असेल तर विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, पक्षाला मर्यादाच नाही. उमेदवाराने निकालानंतर ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो, आणि एक रुपया शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो.

गल्लीतल्या आश्वासनांसाठी माहिती अधिकार. सुरुवातीला सांगितलेला दहा रुपयांचा स्टॅम्प याच अर्जावर लावायचा. रस्त्याचं उदाहरण घेऊ. अर्ज महापालिकेच्या संबंधित झोन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, मजकूर असा: ‘प्रभाग क्र. … मधील … ते … या रस्त्याच्या कामाची, १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील पुढील कागदपत्रे द्यावीत: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक, दोषदायित्व कालावधी लिहिलेले निविदेचे पान.’ ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. हा कायदा दप्तरात असलेला कागद मिळवून देतो, कारणमीमांसा नव्हे. मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून अर्ज परत येतो. दोषदायित्वाचं पान विसरू नका: त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी, आपल्या करातून नव्हे.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. तिथेही दाद नाही लागली तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. तिथे वेळ लागतो, म्हणून आवक शिक्क्याची पोच जपून ठेवा.

कागद हाती आले की नगरसेवकांना पत्र द्या. चार सदस्यांच्या प्रभागात एकाला पत्र दिलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून चौघांची नावं एकाच पत्रावर लिहा, कागदपत्रांच्या प्रती जोडा आणि चौघांच्या सह्या आपल्या एकाच स्थळप्रतीवर घ्या.